खड्ड्यावर गाडी स्वतःच वळते, टो लावूनही दोष परत येतो: सेव्हन पद्धतीच्या घरगुती गाडीतला बंप स्टीअर आणि रॅकमधले बदल

लक्षण नेहमीचंच. गाडी सरळ, गुळगुळीत रस्त्यावर नीट चालते. एक चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेलं की स्टीअरिंग हलवलं नसतानाही नाक बाजूला झटकलं जातं. ब्रेक दाबून पुढची बाजू खाली बसली की गाडी अस्वस्थ होते. अलाइनमेंटवाल्याकडे टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळली आहे ते; आत म्हणजे टो-इन, बाहेर म्हणजे टो-आउट) लावून आणलं की चार दिवस बरं वाटतं, आणि पुन्हा तेच.

या दोषाला बंप स्टीअर म्हणतात. टो लावून तो जात नाही, कारण टो एका उंचीवर लावला जातो आणि हा दोष चाक वर-खाली होताना तयार होतो. रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा आणि त्याची नळी; टाय रॉड म्हणजे तो दांडा आणि चाक यांना जोडणारी सळई. टाय रॉडचं आतलं टोक, म्हणजे रॅकच्या टोकाचा बॉल जॉइंट, जिथे असायला हवा तिथे नसतो. ही जागा दोन प्रकारे चुकते: उंचीत आणि रुंदीत. बहुतेक जण रॅक अरुंद करायला धावतात. आधी उंची तपासा. पुढे आकडे दिले आहेत, त्यावरून कारण दिसेल.

दोष मुळात येतो कुठून

ब्रिटनमध्ये घरी बांधल्या जाणाऱ्या लोकॉस्ट पद्धतीच्या गाड्यांत, म्हणजे लोटस सेव्हनच्या धर्तीवरच्या स्वस्त बांधणीत, पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आडवे हात), फोर्ड कॉर्टिनाचे अपराइट (त्या दोन हातांमधला, हब धरणारा उभा भाग) आणि फोर्ड एस्कॉर्ट मार्क २ चा रॅक ही जुनी आणि रुळलेली जोडी आहे. एस्कॉर्टला मात्र पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता, म्हणजे वरच्या विशबोनऐवजी स्प्रिंग-डँपरचा उभा खांब. त्या रॅकची रुंदी त्या सस्पेन्शनसाठी ठरवलेली. दुहेरी विशबोनशी ती जुळावी असं काहीच कारण नाही. जुळली तर योगायोग.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचे संघ बाहा स्पर्धेच्या बग्गीत मारुती ८०० चा रॅक बसवतात तेव्हाही हेच होतं. मारुती ८०० लाही पुढे स्ट्रटच आहे. फरक एवढाच की बग्गीचं सस्पेन्शन कितीतरी जास्त हलतं, त्यामुळे तिथे रुंदीची चूक जास्त महाग पडते. (भारतात नोंदणी असलेल्या रस्त्यावरच्या गाडीवर हे प्रयोग करू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. इथलं सगळं स्पर्धेच्या आणि घरी बांधून रीतसर मंजूर करून घेतलेल्या गाड्यांसाठी आहे.)

आधी हे बाद करा

बंप स्टीअरसारखंच वाटणारे पण वेगळे दोष बरेच आहेत. मापन सुरू करण्याआधी ते तपासले नाहीत तर मापन फुकट जातं.

रॅकच चासीवर सरकतोय का? गाडी चाकांवर उभी असताना एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे जोरात हलवायचं आणि दुसऱ्याने रॅकच्या नळीवर डायल गेज लावून पाहायचं. नळी आडवी अर्धा मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर आधी ते थांबवा. मूळ रबरी बुशच्या जागी ॲल्युमिनियमचे दोन भागांचे क्लॅम्प लावले की बराचसा ढिलेपणा जातो. तरीही हलत असेल तर रॅकखालची पट्टीच वाकते आहे. उघड्या पट्टीवर रॅक कधीच स्थिर राहत नाही; ३ मिमी पत्र्याची पेटी करून तिला आडवा गसेट (मजबुतीची पट्टी) द्या. चौकोनी पाइपातून आरपार बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळला की पाइप चेपतो आणि काही दिवसांनी बोल्ट पुन्हा ढिला.

दुसरं, विशबोनचे बुश आणि बॉल जॉइंट. चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं की बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा खेळ कळतो. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं की त्यात टाय रॉड आणि रॅकचाही खेळ मिसळतो.

तिसरं, स्टीअरिंग वळणानंतर मध्यावर परत येत नाही ही तक्रार. ती कास्टरची (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कल) किंवा कुठेतरी घट्ट झालेल्या जॉइंटची आहे, बंप स्टीअरची नाही. कॉर्टिना अपराइटच्या लोकॉस्टमध्ये ही अडचण इतकी सर्रास येते की ब्रिटनमधल्या वैयक्तिक वाहन मंजुरीच्या तपासणीत अनेक गाड्या इथेच अडतात. रॅक हलवून ती सुटणार नाही.

आरशाने मोजा

डायल गेज लावलेलं तयार बंप स्टीअर मापक मिळतं. नसेल तर लेझर पॉइंटर आणि आरसा पुरतो आणि अचूकतेत कमी पडत नाही. लेझर चाकावर बांधून तो समोरच्या भिंतीवर पाडण्याची पद्धत मात्र टाळा. चाक वर जाताना हब थोडा आत-बाहेरही सरकतो, तो सरळ सरकणंही ठिपक्यात मिसळतं आणि टो किती बदलला ते कळत नाही.

आरशाची पद्धत अशी. चाक काढा. हबवर सपाट पाटी बोल्टने बसवा आणि त्यावर साधारण १५० मिमी चौरस सपाट आरसा चिकटवा, तोंड गाडीच्या बाहेरच्या बाजूला. गाडीच्या बाजूला ३ मीटरवर एक उभा फळा ठेवा, त्यातून लेझर आरशावर सोडा आणि परत आलेला ठिपका त्याच फळ्यावर पाहा. आरसा नुसता सरकला तर ठिपका हलत नाही, फिरला तरच हलतो. ठिपक्याचं आडवं सरकणं म्हणजे टो, उभं सरकणं म्हणजे कॅम्बर, चाकाचा समोरून दिसणारा आत-बाहेर कल. परावर्तनात कोन दुप्पट होत असल्यामुळे ३ मीटरवर ठिपका १७.५ मिमी आडवा सरकला म्हणजे टो १० मिनिटांनी बदलला (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). एवढं सरकणं डोळ्यांना स्पष्ट दिसतं.

तयारीत तीन गोष्टी चुकवू नका:

– कॉइलओव्हरची स्प्रिंग काढा, डँपर तेवढा राहू द्या. स्प्रिंग असताना जॅकने चाक उचललं तर चासीच स्टँडवरून उठते.
– गाडीत चालकाएवढं वजन ठेवून, चाकांवर उभी असताना खालच्या विशबोनच्या बाहेरच्या बॉल जॉइंटची आणि आतल्या पिव्हटची उंची लिहून ठेवा. त्यांच्यातला फरक हाच तुमचा शून्य. स्टँडवर जॅकने तोच फरक जमवायचा.
– स्टीअरिंग व्हील बांधून भागत नाही. कॉलमच्या जॉइंटमध्ये खेळ असतो. रॅकचा दांडाच नळीशी शिकंजाने धरा, अगदी मध्यावर. मध्य काढायचा तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिनियनचे (रॅक सरकवणारं लहान दातचाक) फेरे मोजा आणि निम्म्यावर या. डोळ्यांच्या अंदाजाने धरलेला मध्य चुकतो.

आता शून्यापासून वर ५० आणि खाली ५० मिमी, दर १० मिमीला ठिपक्याची जागा नोंदवा. दोन्ही चाकांची. आलेखाचा कागद घ्या. नुसत्या आकड्यांकडे बघून दोष ओळखता येत नाही, रेषेच्या आकारावरून येतो.

आलेख कसा वाचायचा

खालचं सगळं रॅक ॲक्सलच्या पुढे असलेल्या गाडीसाठी आहे, म्हणजे स्टीअरिंग आर्म (अपराइटचा टाय रॉड जोडला जातो तो हात) पुढे वळलेले. कॉर्टिना अपराइटच्या सेव्हनमध्ये असंच असतं. रॅक मागे असेल तर या भागात टो-इनच्या जागी टो-आउट आणि टो-आउटच्या जागी टो-इन वाचा.

तिरकी सरळ रेषा: चाक वर जाताना टो एका बाजूला, खाली जाताना दुसऱ्या बाजूला. ही उंचीची चूक. चाक वर जाताना टो-इन होत असेल तर रॅक खाली आहे, म्हणजे तो उचला किंवा टाय रॉडचं बाहेरचं टोक खाली आणा. टो-आउट होत असेल तर नेमकं उलट.

वाटीसारखी वक्र रेषा: वर आणि खाली दोन्हीकडे जाताना टो एकाच दिशेने बदलतो. ही रुंदीची, म्हणजेच टाय रॉडच्या लांबीची चूक. दोन्हीकडे टो-इन म्हणजे टाय रॉड आखूड, रॅक जास्त रुंद. दोन्हीकडे टो-आउट म्हणजे रॅक अरुंद.

तिरकी वाटी: दोन्ही चुका. आधी उंची, मग पुन्हा मोजा.

एकदम टोकांना थोडी वळलेली एस आकाराची रेषा उरली तर सोडून द्या. ती घालवण्याच्या नादात मधला चांगला भाग बिघडतो.

डाव्या-उजव्या चाकाचे आलेख वेगळे आले तर रॅक तिरका किंवा एका बाजूला सरकून बसला आहे. अशी गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. चासीचा मध्य ओळंब्याने जमिनीवर उतरवा आणि तिथून दोन्ही आतल्या बॉल जॉइंटपर्यंतची अंतरं व उंची मोजा. १ मिमीच्या आत यायला हवीत. आलेखांत अर्धवट सुधारणा करण्याआधी हे जुळवा.

आतला जॉइंट कुठे हवा

समोरून पाहिल्यासारखं चित्र पूर्ण मापात काढा, भिंतीवर कागद लावून काढलं तरी चालेल. वरच्या विशबोनची रेषा आणि खालच्या विशबोनची रेषा वाढवा. त्या जिथे मिळतात तो तात्कालिक केंद्रबिंदू. टाय रॉडची रेषाही वाढवली की त्याच बिंदूतून गेली पाहिजे. यावरून उंची मिळते. मग वरच्या आणि खालच्या विशबोनचे आतले पिव्हट जोडणारी रेषा काढा. टाय रॉडची रेषा तिला जिथे छेदते, तिथे साधारण आतला जॉइंट हवा.

एक उदाहरण. अंतरं गाडीच्या मध्यापासून, उंची जमिनीपासून, मिमीमध्ये. खालचा आतला पिव्हट २१५ वर, उंची १५०. खालचा बाहेरचा बॉल जॉइंट ६०० वर, उंची १५०. वरचा आतला पिव्हट २६५ वर, उंची ३३०. वरचा बाहेरचा ५७० वर, उंची ३७०. दोन रेषा मिळतात त्या मध्याच्या पलीकडे ११०८ वर, उंची १५०. टाय रॉडचं बाहेरचं टोक दोन्ही बाहेरच्या बॉल जॉइंटच्या रेषेवर, ५९२ वर आणि २१० उंचीवर आहे असं धरा. मग आतला जॉइंट १९७ उंचीवर हवा, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १३ मिमी खाली, आणि मध्यापासून साधारण २२८ वर.

इथे एक सावधगिरी. पिव्हट जोडणारी रेषा हा अंदाज आहे. वक्रतेचं पूर्ण गणित केलं तर याच मापांना २२८ ऐवजी २३३ येतात. ५ मिमीचा फरक चालून जातो, पण लेथवर पाठवण्याआधी आकडा सस्पेन्शनच्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून तपासलेला बरा. दुसरी गोष्ट: बाहेरचं टोक बॉल जॉइंटच्या रेषेच्या आत असेल तर आतला जॉइंटही आत घ्यावा लागतो, पण तेवढाच नाही. वरच्या मापांत बाहेरचं टोक १७ मिमी आत गेलं तर आतला सुमारे १० मिमी आत येतो. एकास एक धरून रॅक नको तेवढा अरुंद करून बसलेले लोक बरेच आहेत.

उंची की रुंदी: किती फरक पडतो

याच गाडीत टाय रॉडची योग्य लांबी ३५९ मिमी. स्टीअरिंग आर्म १२० मिमी धरू.

रॅक १० मिमी चुकीच्या उंचीवर असेल तर चाक २५ मिमी वर गेल्यावर टो २० मिनिटांनी बदलतो, ४० मिमीवर ३२ मिनिटांनी. म्हणजे रॅकखालचा प्रत्येक ३ मिमीचा शिम (उंची जमवायची सपाट पट्टी) दर २५ मिमी हालचालीला ६ मिनिटं फिरवतो.

आता रुंदीची चूक घ्या. आतल्या जॉइंटमधलं अंतर हवं ४६६, आणि हाताशी असलेला रॅक ५५० चा आहे. म्हणजे दर बाजूला ४२ मिमी जास्त, दिसायला भली मोठी चूक. ४० मिमी हालचालीला टो बदलतो फक्त ८ मिनिटांच्या आसपास, ५० मिमीला १३.

४२ मिमीची रुंदीची चूक १० मिमीच्या उंचीच्या चुकीपेक्षा लहान ठरते. शिवाय वळणावर गाडी झुकते तेव्हा एक चाक वर, दुसरं खाली जातं. रुंदीच्या चुकीत दोन्ही चाकं सारखीच आत वळतात आणि परिणाम बराचसा एकमेकांत जिरतो. उंचीच्या चुकीत दोन्ही चाकं एकाच दिशेला वळतात. गाडी खरोखरच स्वतः स्टीअर करते. म्हणून रस्त्यावरच्या सेव्हनमध्ये, जिथे चाक ४० मिमीच्या पलीकडे क्वचितच जातं, रॅक कापायची गरज अनेकदा नसते. शिमने काम होतं.

बग्गीचं गणित उलटं. रुंदीची चूक हालचालीच्या वर्गाने वाढते. तीच ४२ मिमीची चूक १५० मिमी हालचालीला जवळजवळ २ अंश टो बदलते. तिथे रॅक कापावाच लागतो किंवा विशबोनचे पिव्हटच रॅकला जुळवून ठेवावे लागतात. चासी अजून कागदावर असेल तर दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त.

किती उरलं तर चालेल? रस्त्यावरच्या गाडीला दर २५ मिमी हालचालीला ३ मिनिटांच्या आत आलं की थांबावं. शून्यावर बसत नसेल तर चाक वर जाताना किंचित टो-आउट राहू द्या, टो-इन नको. वळणात बाहेरचं चाक दाबल्यावर गाडी आणखी आत ओढली जाणं हे चालकाला जास्त घाबरवणारं आहे.

उंची बदलण्याचे दोन मार्ग

रॅकच हलवा: क्लॅम्पखाली स्टील किंवा ॲल्युमिनियमचे सपाट, क्लॅम्पच्या पूर्ण तळाएवढे शिम. वॉशरची चळत लावू नका, रॅक तिच्यावर डुलतो. शिम १० मिमीच्या वर जायला लागले की बैठक कापून नवीन करा. ८.८ ग्रेडचे एम ८ बोल्ट, नायलॉक नट, साधारण २५ न्यूटन मीटर. रॅक खाली न्यायचा असेल तर आधी खालची जागा बघा. रॅक उचलला की कॉलमच्या युनिव्हर्सल जॉइंटचा कोन बदलतो, त्याचं पुढे येईलच.

बाहेरचं टोक हलवा: टेपर पिनच्या टाय रॉड एंडऐवजी रोज जॉइंट (मध्ये भोक असलेला धातूचा उघडा बॉल जॉइंट), मध्ये स्पेसर, आणि स्टीअरिंग आर्मचं टेपर भोक रीमरने सरळ करून त्यातून मजबूत बोल्ट. जमवायला हे सोपं, कारण १ मिमीच्या स्पेसरने बारीक बदल करता येतो. पण बोल्ट एकाच बाजूने धरलेला असतो, स्पेसर वाढले की त्याच्यावर वाकण्याचा भार वाढतो. १५ मिमीच्या पुढे जाऊ नका. रोज जॉइंटच्या बाहेर त्याच्या घरापेक्षा मोठा वॉशर हवाच, म्हणजे जॉइंट फुटला तरी टाय रॉड निसटत नाही. पावसापाण्यात रोज जॉइंट लवकर झिजतो. रबरी बूट घाला आणि दर सर्व्हिसला खेळ बघा. एकदा मोकळं केलेलं टेपर भोक परत टेपर होत नाही, म्हणून रॅक हलवून भागत असेल तर तेच आधी.

रॅक अरुंद करायचाच असेल तर

वेल्डिंग नाही. रॅकचा दांडा मध्येच कापून जोडणं हा सगळ्यात सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. दांडा मध्यम कार्बनचा आणि बहुतेकदा वरून कठीण केलेला असतो; वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि तुटताना सूचना देत नाही. कापायचं ते टोकाला, आणि नवीन आटे लेथवर.

दात नसलेली बाजू कापायला सोपी. उदाहरणातल्या रॅकमधून ८४ मिमी कमी करायचे तर त्या एका बाजूने ८४ कापता येतात. दातांच्या बाजूला, शेवटच्या दातापलीकडे जागा असली तरच थोडं काढता येतं. पण सगळं एका बाजूने काढलं की दोन जॉइंटचा मध्य ४२ मिमी पिनियनकडे सरकतो, म्हणून अख्खा रॅक ४२ मिमी उलट बाजूला बसवावा लागतो. पिनियन तेवढा गाडीच्या मध्याकडे येतो. इंजिनाचं सम्प, एक्झॉस्ट, कॉलमचा कोन हे सगळं या सरकण्याने अडू शकतं. पत्रा कापण्याआधी रॅक तिथे धरून बघा.

दांडा कापला तेवढीच नळीही कापायची. हे विसरलं तर रॅकच्या टोकाचा बॉल जॉइंट नळीला लवकर टेकतो आणि एका बाजूला गाडी वळतच नाही. नळीच्या टोकाचा बुश काढून नव्या टोकाला बसवा, त्याचे खाचे असतील तर नळीत तशीच भोकं करा, कडा कानसने आतून-बाहेरून साफ करा. नळीतला लोखंडाचा चुरा राहिला तर काही महिन्यांत दांड्यावर चरे.

आटे दोन प्रकारचे भेटतात. दांड्याला बाहेरून आटे असतील तर टर्नरने दांडा लेथवर धरून तेच माप पुन्हा काढायचं. आतून आटे असतील तर जुनं भोक कापण्यात जातं, म्हणून तेवढंच खोल नवीन भोक आणि टॅप. दोन्हीत एकच अट: आटे दांड्याच्या अक्षाशी तंतोतंत सरळ, डायल गेजवर ०.०५ मिमीच्या आत. हाताने डाय फिरवून काढलेले आटे तिरके जातात, मग वळताना जॉइंट डुलतो आणि बुश एका बाजूने खातो. दांडा थेट चकच्या जबड्यात धरू नका. पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मध्ये द्या.

रॅक अरुंद झाला की टाय रॉड लांब लागतात, इथे दर बाजूला ४२ मिमी. मोठ्या गाडीचे लांब टाय रॉड मिळाले तर उत्तम. नाहीतर षटकोनी सळईतून केलेले, एका टोकाला आतले आणि दुसऱ्याला बाहेरचे आटे असलेले एक्स्टेंशन. दोन्ही बाजूंना चेकनट. आटे किमान व्यासाच्या दीडपट आत गेले पाहिजेत, एम १४ ला २१ मिमी. एम १२ बाय १.५, एम १४ बाय १.५ आणि अर्धा इंच यूएनएफ डोळ्यांना फसवतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो आणि पाना लावून पुढे ढकलला जातो. थ्रेड गेज लावा.

जुळवताना आतला बॉल जॉइंट मूळ कंपनीने जसा लॉक केला होता तसाच करा: कॉलर ठोकून, किंवा लॉकनट आणि नवीन पिन. नुसत्या थ्रेडलॉकवर सोडू नका. रॅकमध्ये अर्धपातळ ग्रीस. घट्ट चासी ग्रीस थंडीत स्टीअरिंग जड करतं आणि दातांवरून बाजूला सरून पुन्हा परत येत नाही. दांड्याच्या पाठीवरची दाबपट्टी शिमने किंवा स्क्रूने जुळवताना मध्यावर जुळवू नका. जुना रॅक मध्यावर जास्त झिजलेला असतो, मध्यावर खेळ काढला की दोन्ही टोकांना दांडा अडकतो. पूर्ण प्रवासात सगळ्यात घट्ट जागा शोधा, तिथे मोकळा फिरेल एवढंच आवळा. त्यानंतरही मध्यावर खडखड राहिली तर दांडा बदलायची वेळ झाली.

रॅक हलल्यावर बिघडणाऱ्या गोष्टी

कॉलमचे युनिव्हर्सल जॉइंट. एकच जॉइंट ३० अंशांत वाकलेला असेल तर एका फेऱ्यात स्टीअरिंगचा वेग दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वर-खाली होतो. हाताला ते जड-हलकं जाणवतं आणि लोक रॅकला दोष देतात. दोन जॉइंट असतील तर दोन्हींचे कोन जवळपास सारखे ठेवा आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही फोर्क एकाच पातळीत. एक स्प्लाइन पुढे-मागे बसला तरी फरक कळतो.

रॅक पुढे-मागे सरकला तर ॲकरमन (वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा किती जास्त वळतं ते) बदलतं. पूर्ण वळणावर वरून बघा: टाय रॉड आणि स्टीअरिंग आर्म जवळजवळ एका रेषेत येत असतील तर तिथेच थांबा. तो कोन सरळ झाला की चाक उलट्या बाजूला लॉक होऊ शकतं आणि स्टीअरिंगने परत येत नाही. दांड्यावर दोन भागांची कॉलर लावून प्रवास मर्यादित करा. वळण कमी होईल, होऊ द्या.

शेवटचं टोक रॅकवरच, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लागलं पाहिजे. टायर विशबोनला किंवा ब्रेकची नळी चाकाला आधी अडत असेल तर तेही कॉलरनेच सोडवा. चाक पूर्ण खाली आणि पूर्ण वर, दोन्ही स्थितींत, दोन्ही टोकांना तपासा. रबरी बूट ताणून फाटतोय का हेही तेव्हाच दिसतं.

जलद रॅक बसवला असेल, एस्कॉर्टच्या मूळ साधारण साडेतीन फेऱ्यांऐवजी अडीचच्या आसपासचा, तर उरलेला बंप स्टीअर हाताला जास्त जोराने जाणवतो. दोष वाढलेला नसतो, हाताकडे येणारा धक्का वाढलेला असतो. पण आतल्या जॉइंटमधलं अंतर मूळ रॅकइतकंच आहे असं विक्रेत्याच्या शब्दावर धरू नका, व्हर्नियरने मोजा.

दुरुस्तीनंतरही दोष परत आला तर

बहुतेक वेळा कारण रॅकमध्ये नसतं. कोणीतरी कॉइलओव्हरची बैठक फिरवून गाडी खाली केलेली असते. २० मिमी खाली केली की विशबोनचे कोन बदलतात, तात्कालिक केंद्र सरकतं आणि आलेखाचा सपाट भाग आता गाडीच्या उभ्या उंचीवर उरत नाही. स्प्रिंग मऊ घातली तरी तेच, कारण चालक बसल्यावर गाडी आणखी बसते. उंची परत आणा, नाहीतर नव्या उंचीवर आरसा लावून सगळं पुन्हा मोजा.

नवीन टाय रॉड एंड घातल्यावर दोष आला असेल तर त्याच्या पिनची उंची जुन्याशी ताडून बघा. वेगवेगळ्या बनावटीच्या एंडमध्ये टेपरपासून बॉलच्या मध्यापर्यंत काही मिमीचा फरक असतो, आणि वर दिलंच आहे: ३ मिमी म्हणजे ६ मिनिटं. दोन बाजूंना दोन बनावटीचे एंड असतील तर दोन्ही एकाच बनावटीचे करा. कास्टर वाढवण्यासाठी वरचा विशबोन मागे घेतला असेल तर स्टीअरिंग आर्म पुढे असल्यामुळे टाय रॉडचं बाहेरचं टोक वर जातं, आणि चाक वर जाताना टो-इन दिसू लागतो. तेवढाच शिम रॅकखाली वाढवा. म्हणून कास्टर आधी, बंप स्टीअर नंतर, आणि टो सगळ्यात शेवटी.